पिल्लू खात नाही

थुसो दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, त्यानंतर लेकीचा वाढदिवस आला, तेव्हा तो अजगराचं पिल्लू घेऊन उगवला. बोटाएवढं जाड, डब्यात गुंडाळी करून बसलेलं. ओआराबिले आनंदानं किंचाळली. तिची आई केलेबोगिले मात्र दारातच थिजली. सापाच्या नावानंही तिला कापरं भरतं, हे इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

"रविवारी येतो गं, खायला कसं घालायचं ते दाखवतो," तो लेकीला म्हणाला.

रविवार आला नि गेला. पुढचाही गेला. थुसो फिरकला नाही. ओआराबिले पिल्लाला सारखी हातात घ्यायची, मेलेला गार उंदीर पुढे टाकायची, अन् ते तोंड फिरवायचं.

"मेलं तर पप्पा म्हणतील, मीच नीट सांभाळलं नाही," पोर रडायला लागली.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "घरात साप पाळलास म्हणे? गल्लीत बोलतात, नवरा परत यावा म्हणून करणी करतेय."

"करणी येत असती, तर साप त्याच्या अंथरुणात नसता का सोडला?" केलेबोगिले फटकन म्हणाली.

शेवटी ती रुस्टेनबर्गच्या बाजारात गेली. प्राण्यांच्या दुकानातल्या माणसानं सांगितलं, "लपायला आडोसा द्या, खालून ऊब द्या, अन् काही दिवस हातच लावू नका. उंदीर कोमट करून हलवत धरा."

तिनं सगळं तसंच केलं. काही दिवसांनी कोमट उंदीर लांब चिमट्यात धरून ती डब्यावर वाकली. हलवायची गरजच पडली नाही, तिचा हात आपसूकच थरथरत होता. पिल्लानं जीभ काढली, मान मागे घेतली अन् झडप घातली. केलेबोगिलेनं चिमटा मागे घेत झाकण लावलं.

ओआराबिलेनं लगेच फोन लावला. "पप्पा, खाल्लं!"

"मग? निवडूनच आणलं होतं मी!"

पोरीचा चेहरा फुलला. फोन ठेवून ती म्हणाली, "मम्मा, पप्पा रविवारी बघायला येणारेत. तू स्वयंपाकघरातच थांब हं. तुला भीती वाटते ना."

"हो," केलेबोगिले चिमटा धूत म्हणाली, "वाटते."

रविवारी थुसो खरंच आला. उंदीर तिनं आधीच कोमट करून बशीत काढून ठेवला होता. मक्याची लापशी ढवळताना तिला बाहेरून टाळ्या ऐकू आल्या, अन् लेकीचा आवाज, "पप्पा, तुम्हाला किती छान जमतं!"