सूर्याचं चुंबक आणि मावशीचं इन्सुलिन

सभागृहात खुर्च्या साठ, माणसं नव्वदच्या वर, खिडक्या सहा. त्यांतल्या पाचांवर पडदे. सहावीतून ऊन थेट टेबलावरच्या होकायंत्रावर पडत होतं. टेबलाला खेटून सूर्यवैद्य बसले होते.

“सूर्याचं चुंबक, डायरेक्ट! मधे दलाल नाही!” त्यांनी डोळे मिटले. काटा थरथरला आणि गर्रकन त्यांच्याकडे वळला. “आता सुया बंद! रक्तातली साखर सूर्य जाळणार!”

मावशीने मला कोपराने ढोसलं. “बघितलंस? तू हेच मोजतेस ना गं?”

तीच तर पंचाईत होती. सूर्याच्या पलीकडे गेलेल्या यानाचा रेडिओ सिग्नल आम्ही अँटेनावर पकडतो. सूर्याभोवतीच्या तप्त प्रभामंडळातून येताना त्या लहरींच्या कंपनाची दिशा वळते. किती वळली, यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र काढतो. मावशी हे कौतुकाने अख्ख्या इमारतीला सांगायची. आणि या वैद्यांच्या नादाने परवापासून तिने इन्सुलिन बंद केलं होतं.

“अगं, सिग्नल जातो तिथेसुद्धा ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाएवढं नाही. ते इथला काटा काय हलवणार?”

“पण आहे ना? मग झालं तर.”

मी उठले. “होकायंत्र दुसऱ्या खिडकीत नेते. पडदा सारला की तिथेही ऊन येईल.”

“हात लावू नका, तेज तुटेल!” वैद्य ओरडले.

मावशीच्या पर्समधल्या टाचण्या मी त्यांच्या गुडघ्याजवळ धरल्या. टपाटप चिकटल्या. ते दचकून सरकले, तसा वरचा काटाही सरकला.

“गुडघ्याला लोहचुंबक बांधलंय! या, हात लावून बघा!” मी गर्दीला म्हटलं.

पुढच्या रांगेतले एक काका आले, वाकले, गुडघा चाचपून गर्दीकडे वळले. “अहो, सूर्य साक्षात अंगात उतरलाय यांच्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उरलेल्या टाचण्या हातात धरून उभी होते.

घरी मावशीचे ओठ कोरडे पडले होते. ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती.

“काटा कशाने वळला, ते तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस,” मी म्हटलं. “मावशी, दुसरं कुणाचंही ऐकू नकोस, माझंही नको. पाहिलंस त्याचा विचार कर आणि सुई घे.”

“सूर्यावर संशय घेऊ? तूच तर त्याचं चुंबक मोजतेस.”

“मग साखर तरी मोजू दे.”

“मोज की. तुझ्या मोजण्यावर माझा विश्वास आहेच.”

तिने बोट पुढे केलं. मी थेंब पट्टीवर घेतला.

४१८.