लाल धावदोरा

"हा ससा आहे?" मेट्रनबाईंनी कागद लांब धरून विचारलं.

"हो."

"मग उंदरासारखा का दिसतोय?"

काढताना शिवणबाईलाही तशी शंका आलीच होती. म्हणून तिने कान जरा लांबवले, तर तो धड उंदीरही राहिला नाही.

मेट्रनबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण अख्खं इस्पितळ सांभाळणाऱ्या बाईला गोड बोलायला सवड कुठली? "हे बघा, मुलांच्या वॉर्डात मधे पडदा हवाच. एका खाटेवर इंजेक्शन निघालं की बाकीची पोरं आधीच भोकाड पसरतात. तुम्ही म्हणालात मी करते, म्हणून थांबले. सोमवारी पडदेवाला माप घ्यायला येतोय. तोवर तुमचं काही झालं तर ठीक, नाहीतर त्याचा प्लॅस्टिकचा लावू."

तो गुरुवार होता.

शिवणबाई एकोणीस वर्षं तळघरातल्या शिवणखोलीत बसत होती. चादरी सांधायच्या, डॉक्टरांच्या डगल्यांना बटणं लावायची. तिने सांधलेली चादर दुसरीकडे कुठेही फाटेल, त्या जागी नाही. पण स्वतःच्या मनाने काही कर म्हटलं की बाईचे हात गारठायचे. घरात मोठी जाऊ होती ना! जाऊबाई उशीवर गुलाब भरायच्या, तर पाहुणे उशीला टेकायला बिचकायचे. त्याच एकदा भरल्या घरात म्हणाल्या होत्या, "हिला हात आहे हो, डोकं नाही." हसत म्हणाल्या, म्हणून जास्तच झोंबलं. पडद्याचं काम तिने अंगावर ओढून घेतलं ते या एका वाक्यापायी. आणि आता कॅलेंडरातली बदकं, बिस्किटाच्या डब्यावरची फुलं, सगळं गिरवून झालं होतं. एकही चित्र तिचं वाटत नव्हतं.

शिवणखोलीची एक जुनी रीत होती. डागाळलेली चादर धुलाईला पाठवण्याआधी डागाच्या कडेकडेने लाल दोऱ्याचे लांब टाके घालायचे. ढिगातून डाग हुडकत बसायला धुलाईवाल्याला वेळ नसे. लाल रेघ दिसली की तेवढ्या जागी औषध चोळायचं आणि चादर भट्टीत टाकायची. धुऊन आली की शिवणबाईने दोरा ओढून काढायचा. हे काम ती झोपेतही करू शकली असती.

शुक्रवारी मात्र डोक्यात बदकं पोहत होती. एका चादरीचा दोरा काढायचा राहून गेला आणि चादर तशीच वर गेली. तासाभरात नर्सचा निरोप आला, "दोरा राहिलाय, आणि पोरगी चादर सोडत नाहीये."

शिवणबाई कात्री घेऊन वर गेली. कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलेली आठेक वर्षांची मुलगी चादर छातीशी धरून पडली होती.

"दे बाळा, एवढा दोरा काढते."

"नको. माझा उंट आहे."

"कुठला उंट?"

मुलीने लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. "ही मान. हे वशिंड. पाय दुमडून बसलाय, कारण त्याला उठता येत नाही."

"उंट नाही, किटली आहे," शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला.

"किटलीला गुडघे असतात का?"

मग काय, सगळा वॉर्ड भांडायला उठला. त्या गोंधळात पलीकडच्या खाटेवर इंजेक्शन देऊन झालं. ज्याला दिलं तो दंड चोळत म्हणत होता की ते विमान आहे.

शिवणबाई कात्री हातात धरून तशीच उभी राहिली. तो डाग तिला आठवत होता. एका म्हाताऱ्या पेशंटच्या हातून खोकल्याचं औषध सांडलं होतं. औषध गेलं, म्हातारा बरा होऊन घरी गेला, आणि कड मागे राहिली. अशा हजारो कडांवरून तिचा हात फिरला होता, पण एकदाही तिने थांबून पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचा रागही आला आणि हसूही आलं.

खाली येऊन तिने डागाळलेल्या चादरी एकेक करून पसरल्या. आयोडीनचा डाग, चहाचा, जांभळ्या औषधाचा. धुलाईवाला दारात येऊन पाहत राहिला.

"ताई, हे काय मांडलंय?"

"पडद्याची चित्रं."

त्याने मान वाकडी करून एक चक्कर मारली. "म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. बरं, डाग काढायचे की ठेवायचे, ते एकदा सांगा."

"डाग तुम्ही काढा, दादा. कडा माझ्या."

रविवारी सुट्टी असून तो भट्टी पेटवायला आला. धुतलेल्या चादरींवर शिवणबाईने त्याच रेघांवरून पक्की टीप घातली. मधेच मोह झाला म्हणून एका आकाराला डोळा काढला. लगेच तो नुसता मासा झाला, दुसरं काही होईना. तिने डोळा उसवून टाकला. हे असं करायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला कळलं.

सोमवारी पडदेवाला टेप घेऊन आला तेव्हा चादरी जोडून केलेला पांढरा पडदा वॉर्डाच्या मधोमध टांगलेला होता आणि पोरं खाटांवरून ओरडत होती. जहाज. नाही, जिना. नाही, डॉक्टरांचं नाक.

मेट्रनबाई पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. "हे नक्की काय काय आहे?"

"मला नाही माहीत, बाई. मी फक्त डागांच्या कडेने गेले."

"ती तिसऱ्या ओळीतली," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "माझी सासू आहे. अंबाड्यासकट." मग घसा साफ करून त्या पडदेवाल्याकडे वळल्या. "तुम्ही या आता. इथलं काम झालंय. आणि शिवणबाई, ऑपरेशनच्या आधी बसवतात ना, त्या खोलीलाही एक करा. तिथे मोठी माणसं जास्त घाबरतात."

"करते," शिवणबाई म्हणाली. हात गारठले नाहीत. तिला आनंद झाला होता, पोटभर जेवल्यासारखा. घरी सांगायचंच होतं, पण आता त्याची घाई नव्हती.

सगळे गेल्यावर खालची शिवण तपासायला ती पडद्यामागे गेली. पलीकडून कुणाचं तरी इवलंसं बोट कापड दाबत लाल रेघेवरून चाललं होतं. तिने अलीकडून आपलं बोट त्याला टेकवलं. ते बोट जरासं थांबलं आणि मग पुढे निघालं. ती त्याच्या मागोमाग गेली, रेघ संपेपर्यंत.