पिकअपचं नाक

आमच्या पिकअपमध्ये वीज होती, पण ती काही काम करत नव्हती. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे वरचं वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही.

गाडी माझ्या वडिलांची, उखर्डूनानांची. चाळीस वर्षं तिने रावेरकडच्या मळ्यातून केळीचे घड वाहिले आणि आता ती पिंप्राळ्यात आमच्या अंगणात उभी होती. जुनं वायरिंग नानांनी स्वतः केलेलं. विहिरीतल्या मोटारीची केबल उरली की तिचा तुकडा गाडीत. त्यामुळे दिवा, हॉर्न, वायपर, सगळ्यांच्या वायरी लाल, पिवळ्या नाहीतर निळ्या. कुठली कशाची हे फक्त नानांना ठाऊक होतं, आणि ते विसरले होते.

मी ते सगळं उपटलं. गंज खरवडून सांगाड्याला काळ्या रंगाचे तीन हात दिले, आराखडा काढला, नव्या वायरी ओढल्या, फ्यूज बॉक्स बसवला. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरून एकेक वायर तपासली. सगळीकडे साडेबारा व्होल्ट. तरी दिवा लावला की आतली तार क्षणभर लाल व्हायची आणि विझायची. स्टार्टर एकदा ‘टक’ म्हणायचा आणि गप्प.

रविवारी धाकटा भाऊ हितेंद्र धुळ्याहून येणार होता, येताना नरडाण्याचा भंगारवाला घेऊन. “तोवर चालू झाली तर ठेवा,” तो फोनवर म्हणाला होता, “नाहीतर अंगण मोकळं करा. एखाद दिवस खालून साप निघेल.” त्यानंतर नानांनी जेवण सोडलं असं काही झालं नाही. ते जेवत होते, फक्त गाडीत बसून.

शनिवारी सकाळी ते म्हणाले, “मोहिनी, वायरीत काई नाही. ही जगत नाही, असं हाय.”

“जगत नाही म्हणजे?”

“तीनदा रिपेर केली, तीनदा फाटकातच मेली. माह्या आधीचे तीन भाऊ असेच गेले. मंग मायनं मले उकिरड्यावर टाकलं. शेजारनीनं उचललं. मायनं सुपभर कोंडा देऊन मले इकत घेतलं, नाक टोचलं. म्हनून मी हाय. नाव बी त्याच्यावरूनच.”

“नाना, ती गाडी आहे.”

“मंग? मी दोन किलोचा व्हतो. हिला ढकलाले मानसं लागतील, एवढाच फरक.”

माझ्याकडे दुसरं गृहीतक नव्हतं.

कॉलनीमागे म्हशींच्या गोठ्याचा उकिरडा आहे. पाच जणांनी गाडी ढकलत तिथे नेली. का, हे कुणी विचारलं नाही. एकाने फक्त विचारलं, “मुलगा की मुलगी?”

नाना जरा थांबले. “मुलगा,” ते म्हणाले. “नाक टोचायचं हाय.”

उचलायला शेजारच्या बेबाबाई. त्या मूळच्या शिरपूरकडच्या. त्यांनी सहज चालत यायचं, गाडी दिसल्यावर दचकायचं, ‘माले सापडनी’ म्हणायचं आणि कोंडा घेऊन ती परत द्यायची, एवढंच ठरलं होतं. त्या आल्या, दचकल्या, बॉनेटवरून हात फिरवला. मग दार उघडून आत बसल्या.

नानांनी पिठाच्या गिरणीतून आणलेला कोंडा सुपात घालून पुढे केला. बेबाबाईंनी पाहिलाही नाही.

“सापडेल पोर लगेच कोन इकस?” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या एखादा दिन.”

गाडी उकिरड्यावरच राहिली. रविवारी हितेंद्र पोचला तेव्हा बॉनेटवर बेबाबाईंचे पापड वाळत होते, त्या आत बसल्या होत्या आणि नाना कोंड्याचं सूप घेऊन दाराशी उभे होते.

“नाना, हे काय चाललंय?”

“माही नाही ती. मी टाकून दिली.”

“आरसी बुक तुमच्या नावावर आहे.”

“मी बी मायच्याच पोटचा व्हतो. तरी इकत घ्या लागला.”

हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी सांगाड्याकडे पाहिलं. भंगारवाला मात्र समजूतदार निघाला. त्याने चप्पल काढली, उकिरड्याच्या कडेला उभा राहिला आणि बेबाबाईंना विचारलं, “अक्का, मंग तुम्ही देता का मला? कोंडा मी आणतो. दोन सुपं.”

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. ही शक्यता त्यांच्या आईच्या वेळी कुणी मांडली नसावी.

बेबाबाई खाली उतरल्या. खाली उतरल्या. नानांच्या हातातलं सूप ओढून घेतलं.

“मायलेच देसू,” त्या म्हणाल्या.

“झालं?” हितेंद्र म्हणाला. “आता चालू करा. नाही झाली तर हे भाऊ आलेलेच आहेत.”

“आधी नाक,” नाना म्हणाले, आणि खिशातून तांब्याची कडी काढली.

बॅटरीवर चालणारं ड्रिल घेऊन मी बॉनेटखाली वाकले. सांगाड्याच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर, बरोब्बर मध्यभागी, छिद्र पाडायला लागले. आधी काळा भुगा आला. मग पांढरा, चकचकीत. मी ड्रिल बंद करून त्या भुग्याकडे पाहत राहिले.

बॅटरीच्या ऋण टोकाची पट्टी मी सांगाड्याला घट्ट आवळली होती, पण रंगाच्या तीन हातांवर. वीज दिव्यापर्यंत जात होती, सांगाड्यातून परत यायला तिला वाटच नव्हती. मीटरचं टोक बॅटरीवरच धरल्यामुळे ती वाट मी कधी तपासलीच नाही.

मी छिद्राभोवतीचा रंग खरवडला, कडीतून बोल्ट ओवून छिद्रात बसवला आणि बॅटरीची पट्टी सोडवून त्याच बोल्टवर घेतली.

“ही पट्टी कशाले?” नानांनी विचारलं.

“कडी पडू नये म्हणून.”

“पक्की आवळ.”

मी पक्की आवळली. नानांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर आला, गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मग ते सुरू झालं आणि सुरूच राहिलं. दिवे भर उन्हात दिसतील इतके लख्ख होते. बेबाबाई पापडांसह शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या, तो त्यांचा मान होता. गाडी आमच्या फाटकापाशी आली आणि न थांबता पुढे रावेरच्या रस्त्याला लागली.

भंगारवाल्याने लांबूनच हात जोडले आणि चप्पल घातली.

“ताई,” हितेंद्र हळूच म्हणाला, “तू शिकलेली आहेस. खरं सांग, कशाने चालू झाली?”

मी प्रश्नाचा नीट विचार केला.

“नाक टोचल्याने,” मी म्हणाले.