दादाची तीन मिनिटं

अध्यक्षबाईंना अख्खं शहर टरकून असायचं, आणि त्या मात्र आज सकाळपासून एका घंटीला टरकल्या होत्या. नगर परिषदेच्या सभेत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळत. ती संपली की अध्यक्षांनी टेबलावरची घंटी वाजवायची. नियम बाईंनीच आणला होता. आता भोगा!

कारण आज बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचा थोरला भाऊ होता. दादाची मुख्य रस्त्यावर लाँड्री. तो रस्ता दिवसभर गाड्यांना बंद करायचा आणि पाण्याचे दर वाढवायचे, असे दोन्ही ठराव आजच यायचे होते. टेम्पो दाराशी आला नाही, तर हॉटेलांच्या चादरींची गाठोडी काय डोक्यावरून आणायची? दुकान बसणार, हे दादाला स्वच्छ दिसत होतं. सख्खी बहीण म्हणून बाईंना मत द्यायला मनाई. म्हणजे बोलायचं ते दादानंच, आणि दादा तर लहानपणापासून अडखळत बोलायचा. एकेका अक्षरावर असा अडकायचा, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. त्याची वाक्यं बहिणीनं पुरी करायची, ही घरातली सवयच झाली होती. दुकानात, दवाखान्यात, अहो, वहिनीला मागणी घालतानासुद्धा हीच मेली मध्ये!

सकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला दादा आला, तेव्हा म्हणाला, "चिमणे, आज सभेत माझं वाक्य तू पु... पु..."

"पुरं करू नको, असंच ना?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"हे... हेच ग ते," दादा हसला.

सभागृह खचाखच भरलं होतं. कडक इस्त्रीच्या शर्टात दादा उभा राहिला.

"अ... अध्यक्षमहोदया, रस्ता बंद क... करा. पण स... स..."

सकाळी! बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं, तर बाईंनी असे डोळे वटारले, की त्याचं हसू घशातच राहिलं. "सकाळी दहापर्यंत टेम्पो सोडा" इतकं बोलून होईतो वेळ संपली. पाण्याचं तर राहिलंच. बाईंचा हात काही केल्या उचलेना. पण इतरांना वाजवायची आणि भावाला नाही, असं कसं चालेल? त्यांनी घंटी वाजवली.

दादाचा चेहरा पडला. तो बसायला निघाला.

पुढचा नंबर कॉफीवाल्याचा. रस्त्यावर खुर्च्या मांडायला टपलेला, बंदीसाठी घरोघर सह्या गोळा करणारा हाच तो. "माझी तीन मिनिटं यांना द्या," तो म्हणाला. "मला ऐकायचंय. सावकाश होऊ दे."

"माझीही घ्या," चष्म्याच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या.

सचिवांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. असं करू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दादा पुन्हा उभा राहिला. "पाण्याचे दर वाढवा. पण आधी माझ्या दा... दारातली ग... ग..."

शब्द सगळ्यांनाच ठाऊक होता. तीन वर्षं झाली, लाँड्रीसमोर फुटक्या पाइपातून साचलेल्या डबक्यावरून उड्या मारतच सगळे जात होते. पण एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे थांबले.

"गळती बंद करा!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! दहापर्यंत गाड्यांना मुभा मिळाली, आणि गळती थांबेपर्यंत दरवाढही थांबली.

बाहेर पायऱ्यांवर दादा म्हणाला, "वा... वाजवलीस की ग घंटी!"

"वाजवली," बाई म्हणाल्या. "दादा, आज मला तुझा इतका अ..." आणि तिथंच अडखळून त्या हातानं डोळे पुसू लागल्या.

शब्द साधाच होता. दादाला कळलाही होता. पण त्यानं खिशातला इस्त्रीचा रुमाल तिच्या हातात दिला आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तो नुसता उभा राहिला.