दसऱ्यानंतर निरंक

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. गंजाडजवळच्या एका पाड्यापाशी, तारेच्या कुंपणात उभा असतो. मित्रांनो, माझ्यात विशेष काही नाही. पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, पोटात बाटली. पडलेला पाऊस बाटलीत साठतो आणि रोज सकाळी साडेआठला तो मोजून वहीत लिहायचा असतो. स्वभाव मात्र माझा वाईट आहे. मी काही विसरत नाही.

बरीच वर्षं मला धोंडू शिपायाने सांभाळलं. तेव्हा पाऊस जूनमध्ये शहाण्यासारखा यायचा आणि दसऱ्याआधी निरोप घ्यायचा. २०१४ पासून त्याची चाल बदलत गेलेली मी पाहिली. ऐन जुलैत पंधरा-पंधरा दिवस मी कोरडा आणि मग महिन्याचा पाऊस एका रात्रीत. धोंडू म्हणायचा, "आता रोज बघायलाच पायजे. याचा काही नेम नाही."

तो निवृत्त झाला आणि जतीन आला. बागायतदाराचा मुलगा, पाड्यावर सगळे त्याला शेठ म्हणतात. चिखलात उतरणं त्याच्या जिवावर यायचं. तो खुर्चीत बसून जुन्या वहीतले आकडे नव्या वहीत उतरवायचा. माझ्या नरसाळ्यात अडकलेला पाला शेजारच्या शेतातली शुक्री काढायची. तेव्हाच मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

२०१९च्या दसऱ्याला त्याने पुढच्या महिन्याभराची पानं एकदमच भरून टाकली. प्रत्येक तारखेसमोर एकच शब्द, निरंक, म्हणजे पाऊस शून्य. दिवाळीच्या तोंडावर, कापलेलं भात शेतात वाळत पडलेलं असताना, एका रात्रीत पाऊस असा कोसळला की माझी बाटली गळ्यापर्यंत भरली. शुक्रीच्या भाताला शेतातच कोंब फुटले. जतीनच्या भातालाही फुटले.

पंचनाम्याला एक बाई आल्या. एका दिवसात पासष्ट मिलिमीटरच्या वर पडला असेल, तरच ती अतिवृष्टी आणि तरच भरपाई. त्यांनी वही उघडली.

"मॅडम, दसऱ्यानंतर पाऊस नसतो ना," जतीन म्हणाला.

शुक्रीने मला उघडून बाटली पुढे केली. "ही बघा. यात हाय ना पानी."

बाईंनी मोजलं. एकशे चाळीस भरलं. "पण हा एका रात्रीचा की चार दिवसांचा? रोज मोजलंच नाही, तर मी काय लिहू?"

जतीनचा चेहरा उतरला आणि मला मनापासून आनंद झाला. त्याचं नुकसान त्याच्याच अक्षराने शून्य ठरलं होतं. मग बाईंनी शुक्रीच्या नावापुढेही तेच लिहिलं. माझा सूड तिच्या कणगीवरून गेला, आणि त्याचाही हिशेब मी जतीनच्याच नावावर मांडला आहे.

मित्रांनो, मला दया नको. पाऊस आता जुनी वही वाचून येत नाही, म्हणून रोज माझ्यात डोकावून बघा, एवढंच मागणं आहे.

हल्ली रोज साडेआठला शुक्री कुंपणापाशी येऊन उभी राहते. डिसेंबर आहे, आभाळ स्वच्छ आहे.

"वाच, शेठ."

"निरंक."

"बघून सांगतस ना?"

जतीन पुन्हा खाली वाकतो आणि माझी बाटली बाहेर काढतो.