हलकेबाबांचा वजनकाटा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर वजनकाटा, काट्याशेजारी हलकेबाबा आणि काट्यावर, दर आठवड्याप्रमाणे, टेलरमास्तर.

"आणखी दोन किलो गेले!" बाबा गरजले. "चरबी म्हणजे पाप, भक्तहो! आमच्या चिमूटभर भुकटीने ते वाहून जातं. मास्तर, तहान लागते ना?"

"फार लागते."

"पाप जळतंय! लघवीला सारखे जाता ना?"

"सारखा."

"पाप निघालं घराबाहेर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या मास्तरांच्या बायकोच्या. मास्तरांचं हृदय अशक्त, त्यात मधुमेह. ढेरी उतरली की हृदयाचा भार उतरेल, हे बाबांचं म्हणणं तिला पटलं होतं. बाबांच्या सांगण्यावरून तिने मधुमेहाच्या गोळ्या कपाटात घालून कुलूप लावलं. हृदयाच्या तेवढ्या चालू होत्या, त्याही मास्तरांनी हट्ट धरला म्हणून.

मास्तर स्वतःच्याच पँटी उसवून कमरेत घेत होते. जिना चढताना धाप लागायची. एकदा त्यांनी धीर करून सांगितलं, "अगं, मला बरं वाटत नाही."

"अहो, तुमच्याकडे बघून चार माणसं येतात. तुम्हीच शंका घेतलीत तर गुण कसा येणार?"

नाही म्हणावं तर श्रद्धा कमी पडली, हो म्हणावं तर पुन्हा काट्यावर. घरी बायको, दुकानात गिऱ्हाइकं, रस्त्यात भक्त. मास्तर पुरते अडकले होते, आणि आपण मरणार या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

त्या दिवशी शिवायला टाकलेला कोट न्यायला डॉक्टरीणबाई आल्या, तर दुकान बंद. शेजाऱ्याने सभागृहाकडे बोट दाखवलं. काट्यावरचा आपला पेशंट पाहताच बाई तडक मंचावर चढल्या.

"काटा तपासायचाय? खुशाल तपासा!" बाबा हसले.

"काटा बरोबरच आहे. मास्तर, बोट द्या."

मास्तरांनी बाबांकडे न बघता बोट पुढे केलं. बाईंनी सुई टोचली, पिशवीतल्या यंत्राला रक्ताचा थेंब लावला. आकडाच उमटेना. साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली होती. गोळ्या कुलपात आहेत, हे मास्तरांनी सांगून टाकलं.

"ऐका," बाई लोकांकडे वळल्या. "गोळ्या थांबल्या, तशी रक्तातली साखर यांच्या अंगी लागेना. ती लघवीवाटे जाते, म्हणून तहान. पोटभर जेवूनही शरीर उपाशी, मग ते स्वतःचंच मांस जाळतं. भुकटीऐवजी राख दिली असती तरी वजन उतरलंच असतं!"

"पण बाई, जाडी हृदयाला वाईट ना?" बायकोने घाबरून विचारलं.

"वाईटच. पण हृदय एकदा थकलं की हिशोब इतका सरळ राहत नाही. अशा रोग्यांत कधी कधी किडकिडीत माणसांपेक्षा थोडी भरलेली माणसं जास्त तगतात. मधुमेह मोकाट सुटला, की भरल्या अंगाचा तो आधारही जातो. म्हणून काही कुणी मुद्दाम जाड व्हायचं नाही. पण आपोआप वजन गळायला लागलं तर आधी दवाखाना गाठा."

बाबा मागच्या दाराकडे सरकू लागले. त्यांना अडवायला कुणी उठलं नाही, कारण पुढच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले होते. "बाई, गोळ्या मीही सोडल्यात." मग एक मावशी उठल्या, मग आणखी कुणी. बघता बघता मंचापुढे बोटं पुढे करणाऱ्यांची रांग लागली.

मास्तरांची बायको रडायला लागली. "अहो, तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत संपत होता आणि मी खूश होत होते!"

"मलाही पुन्हा बोलायची लाज वाटली गं," मास्तर म्हणाले. दवाखान्यात न्यायला बाईंनी गाडी बोलावली होती. गाडीकडे जाता जाता ते रांगेपाशी थांबले. "काटा खोटं बोलला नाही. वजन का उतरतंय, हे डॉक्टरांना विचारायचं सोडून आपण बाबाला विचारलं. तुम्हाला बरं वाटत नसेल ना, तर तसं मोठ्याने म्हणा. शंभर जण टाळ्या वाजवत असले तरी म्हणा."