सड्यावरचा काळा पट्टा

वेदिका रत्नागिरीतल्या एका संस्थेत उपग्रहाच्या चित्रांवरून जळालेल्या रानाचे नकाशे करायची. रान जळलं की वरून घेतलेल्या चित्रात हिरवा रंग जाऊन राखेचा गडद डाग दिसतो. त्या डागाची कड आखायची, हे तिचं काम.

मागच्या मार्चमध्ये संगमेश्वरच्या आतल्या बाजूला, आंबेकोंड गावचा डोंगर पेटला. रान तर गेलंच, पण लवू घाणेकरची फळ धरलेली काजूची बागही गेली. पुढच्या महिन्यात गावाने संस्थेला बोलावलं. देवळाच्या मंडपात पडदा लावून वेदिकाने नकाशा दाखवला. जळालेला डोंगर तिने तांबडा रंगवला होता. त्यातून एक पट्टा सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट माळावरून खाली उतरला होता, तो थेट गावातल्या सगुणाच्या दाढीपर्यंत, भाताची रोपं करायच्या जागेपर्यंत.

"म्हंजे आग हितनं वर गेली," लवू म्हणाला.

"तसं दिसतंय," वेदिका म्हणाली.

सगुणा विधवा होती, मुलगा मुंबईला कामाला. पाला आणि शेण पसरून तिने दाढ भाजली होती, जशी गावात सगळेच भाजतात. पण नकाशातला पट्टा टेकला होता तिच्याच दाढीला. ती बायकांमध्ये मागे बसली होती. उठून हात जोडून काहीतरी बोलली. वेदिकाला ते ऐकू आलं नाही. ती वायरी गुंडाळत होती.

यंदाच्या जानेवारीत दुसऱ्या एका कामासाठी वेदिका त्याच भागाची जुनी चित्रं बघत होती. आगीच्या आधीच्या एका चित्रात डोंगर हिरवागार होता, आणि सड्यावर त्याच जागी काळा पट्टा. ती राख नव्हतीच. उघडा कातळ होता तो. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं आणि मग वाळून काळं पडतं. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून बघायचं, हा या कामातला पहिला धडा. तेव्हा अहवालाची घाई होती, म्हणून तिने नंतरचंच चित्र घेतलं होतं. तिचे कान तापले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी तिने संगणकाचा पडदा बंद केला.

संस्थेचे प्रमुख अनिल सर यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पुढच्या अहवालात दुरुस्त करू. आता कोणाच्या लक्षात आहे?"

"त्या बाईच्या असेल," वेदिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने आंबेकोंडला गेली. सगुणा अंगणात कुळीथ झोडत होती. वेदिकाने नाव सांगितलं, तशी ती लगबगीने उठली आणि पदर सारखा केला.

"पुना कुठं आग लागली काय गो बाय? मी यंदा चूलसुदा बघून इझवतंय."

"नाही, काकी. तुमच्यामुळे आग लागली असं काही दिसतच नाही. माझा नकाशा चुकला होता."

सगुणा हसली. "माजं मन राखायला आलीस व्हय? वरनं दिसलं ता खोटं कसं असंल? मला आता आठवतंय पन. दाढ भाजून आले तवा धग होती. एक ठिनगी वर गेल्याली बघितली मी."

घडलंच नव्हतं ते या बाईला आठवू लागलं होतं, आणि ते वेदिकाच्या एका पट्ट्याने आठवायला लावलं होतं. तिने दोन्ही छापील चित्रं पायरीवर ठेवली. हे आगीच्या आधीचं, हे नंतरचं. पट्ट्यावर बोट ठेवून तिने सगळं पुन्हा सांगितलं. सगुणा कितीतरी वेळ आधीच्या चित्राकडे बघत राहिली.

"ह्यो कातळ," ती शेवटी म्हणाली. मग खाली बसली. "पन मी माफी मागितली ना गो सगळ्यांची. घरोघर जाऊन. देवळात गाऱ्हानं घातलं. लवूच्या पाया पडले, मी, त्येच्या आईच्या वयाची."

"तेव्हाच का नाय बघितलंस तू?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"घाई होती," वेदिका म्हणाली. स्वतःच्या तोंडून ते ऐकताना तिची मान खाली गेली.

संध्याकाळी तिच्या सांगण्यावरून लवूने माणसं गोळा केली. वेदिका त्याच मंडपात उभी राहून बोलली. चूक माझी, सगुणाकाकींच्या दाढीतून आग गेली याला काहीच पुरावा नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "बाय दया करत्येय." तिने चित्रं हातोहात फिरवली.

"मंग लावली कोनी?" लवूने विचारलं.

"मला माहीत नाही. नकाशातून ते कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं."

लवूने चित्र दुमडलं. सगुणा मंडपात आली नव्हती. तो उठून तिच्या घराकडे गेला आणि लगेच परत आला. "दार उघडलं नाय," एवढंच म्हणाला आणि बाजूला जाऊन बसला.

वेदिकाने गावाला दुरुस्त नकाशा पाठवला. चूक कोणाची, ते अनिल सर नको म्हणत असतानाही तिने स्वतःचं नाव घालून लिहिलं. शिमग्यानंतर लवूचा फोन आला. सगुणा सणाआधीच मुलाकडे मुंबईला गेली होती. देवाची पालखी तिच्या दारात येईल म्हणून गावाने तिचं अंगण सारवून ठेवलं होतं, पण ती थांबली नाही.

"तुमी फोन करून बघा तिला," लवू म्हणाला. "आमचा उचलत नाय."

वेदिकाने नंबर लिहून घेतला. फोन केला, तर सगुणाने उचलला. "कोन?" तिने विचारलं. वेदिकाने नाव सांगितलं. सगुणाने फोन ठेवला नाही. वेदिका फोन कानाला लावून थांबली.